हळर्णचा जन्मदाखला

ती घटना आठवली की आजही मला आधी माझी चूक आठवते आणि मग ते बाप-लेक. नोकरीत पकडलेल्या बहुतेक चोरांचे चेहरे मी विसरलो आहे, पण ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते हे दोघे अजून डोळ्यांपुढे आहेत.

मी तेव्हा डिचोली पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. त्या काळात आमच्याकडे पोर्तुगीज कागदपत्रांच्या भानगडी फार. पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना तिकडचं नागरिकत्व मिळतं, आणि त्या पासपोर्टवर तेव्हा थेट इंग्लंडात जाऊन राहता येत असे. त्यामुळे चहाच्या टेबलावरसुद्धा लिस्बनच्याच गोष्टी. कोणाची फाइल अडकली, कोणाचा वकील चांगला, तिकडचा पासपोर्ट काढला की इथलं नागरिकत्व जातं तर म्हाताऱ्यांनी तो काढावा की नाही. जिथे एवढी मागणी तिथे खोटे दाखले निघणारच. असे दाखले करून देणाऱ्या दोन एजंटांना मी स्वतः अटक केली होती, आणि त्याची थोडी घमेंडही होती.

एके सकाळी हजेरी चालू असताना पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा एक गृहस्थ ठाण्यात आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ.

"साहेब, हयच्या पाळी गावाक मायनिंगचो ट्रक चालवणारो एक म्हातारो रवता. मूळ सिंधुदुर्गातलो. तेणी हळर्णात जल्मल्याचो दाखलो काढल्यान हा. आमच्या गावात त्या आडनावाचा एकव घर दाखवा, मी मिशी भादरून घेतंय."

मी अर्ज नोंदवून घेतला आणि चौकशी सुरू केली. हळर्णची मतदारयादी पाहिली, गावातल्या चार जाणत्यांना विचारलं. त्या आडनावाचं घर खरंच नव्हतं. म्हाताऱ्याच्या शाळेचा दाखला सिंधुदुर्गातून मागवला. त्यावर जन्मस्थळ म्हणून त्याच्या वडिलांचं, पलीकडचं गाव होतं. एक माणूस दोन ठिकाणी जन्मू शकत नाही. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं होतं. हळर्णचा मूळ दाखला मी ताब्यात घेतला आणि म्हाताऱ्याला त्याच्या धाकट्या मुलीसह बोलावलं.

खरी गरज मुलीची होती. ती डिचोली बाजारात एका औषधांच्या दुकानात कामाला होती. लग्नानंतर जेमतेम वीस दिवस संसार झाला आणि नवरा आपल्या कागदांवर इंग्लंडला परतला. बायको म्हणून तिने केलेला अर्ज दोनदा नाकारला गेला. लग्न खरं वाटत नाही, असं तिकडच्या कार्यालयाचं म्हणणं. आता वडिलांच्या जन्मावरून स्वतःचे पोर्तुगीज कागद करायचे, एवढीच वाट उरली होती, आणि इंग्लंडचे नियम बदलणार असल्याने तीही लवकरच बंद होणार होती.

म्हाताऱ्याला मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "जन्म कुठे झाला?"

"साहेब, जल्मताना मी हजर होतंय, पण माका ता आठवत नाय."

दारातला शिपाई हसला. मी हसलो नाही.

"मग हळर्ण कुठून आलं?"

"आये सांगायची. ती गेली तेव्हा मी धा वर्साचो. मगे थय कोण रवला नाय माका वळखणारा."

मेलेल्या माणसाला साक्षीला उभं करणारे मी पुष्कळ पाहिले होते. म्हणून त्याची आई हळर्णचंच नाव का घेत होती, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. तीन तास मी एजंटाचं नाव काढायचा प्रयत्न केला. म्हातारा हात जोडत नव्हता, चिडतही नव्हता. मुलगी मात्र उठताना म्हणाली, "साहेब, कागद परत कधी मेळतलो ता तेवढा सांगा." त्यानंतर रोज दुपारी, दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन ठाण्यात येऊ लागला. प्रश्न तोच असे.

एजंटाशी काही बोलणं झालंय का ते पाहण्यासाठी तिच्या संमतीने तिच्या मोबाइलमधला मजकूर उतरवून घ्यायचं ठरलं. ते काम मी आमच्या महिला हवालदाराकडे दिलं. थोडी पानं मीही वाचली. नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे, जेवलंस? जेवलंय. काय जेवलंस? पावाचे उंडे आणि पातळ भाजी. थय थंडी असा? असा. पानामागून पान हेच. लग्न खरं आहे की नाही हे ठरवायला यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाई एक पान घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मुलीने नवऱ्याला लिहिलं होतं, "बाबा म्हणतत, पयला बाळंतपण आपल्याच घराक. तुका तिकीट काढूक लागतला." त्याचं उत्तर होतं, "आधी तू हय ये तरी."

"हे मी वाचलंय," मी म्हणालो.

"वाचलास, पण साहेब, म्हाताऱ्याक विचारलास तो कितवो ता?"

"कितवा म्हणजे?"

"पयलो काय दुसरो. पयला बाळंतपण कुळाराक होता. तुम्ही हळर्णात बापाशीच्या आडनावाचा घर सोधतास. ता थय कशाक असतला?"

कुळार म्हणजे बाईचं माहेर. माझा स्वतःचा थोरला मुलगा चोपड्याला, माझ्या बायकोच्या माहेरी जन्मला. फेरीबोटीतून पेढे घेऊन मीच गेलो होतो. आणि शाळेत घालताना त्याचं जन्मस्थळ म्हणून आमचंच गाव सांगून आलो होतो, तेही मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला हवालदार बाईंसमोर मान वर करवेना.

विचारलं, तर म्हातारा पहिलाच होता. मी स्वतः पेडण्याला निबंधकांच्या कार्यालयात गेलो. दाखला म्हणजे दोन ओळींचा उतारा, मूळ पुस्तकातली नोंद मोठी असते. ती पोर्तुगीजमध्ये होती, तिथल्या कारकुनाने वाचून दाखवली. मूल खबर देणाऱ्याच्या घरी जन्मलं. खबर देणारा मुलाच्या आईचा बाप. खाली त्याची देवनागरीत सही. त्या वेळी मधे दोन सरकारांची सरहद्द होती, पण पहिलटकरणीला माहेरी आणताना ती कोण विचारतो? सहीतलं आडनाव मी दोनदा वाचलं. ते माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाचं होतं.

तो म्हाताऱ्याचा सख्खा मामेभाऊ निघाला. त्याला बोलावून नोंदीची नक्कल पुढ्यात ठेवली.

"साहेब, आमच्या हय चेडवांकय घराचो वाटो असता, ता तुमका म्हायत असा. आज दाखलो काढता, उद्या आत्येच्या नावान दारात उभो रवतलो."

गोव्याच्या जुन्या कायद्याने मुलीलाही वडिलांच्या घरात हिस्सा आहे, हे खरं. एका पोरीची इंग्लंडची वाट त्याने या भीतीने अडवली होती. मी बोलावून बाहेर बाकावर बसवलेल्या म्हाताऱ्याला आत घेतलं. त्याने भावाकडे निरखून पाहिलं.

"तू धाकट्या मामाचो झील काय? नाक तसाच असा. तुझ्या बापाशीन माका खांद्यार बसवून नदी दाखयलेली."

वाट्याचं त्याने काहीच काढलं नाही. खोट्या माहितीबद्दल तक्रार द्यायची का, असं मी विचारलं तेव्हा नको म्हणाला. मी अहवाल लिहिला आणि दाखला मुलीच्या हातात दिला. तो माझ्या कपाटात तीन आठवडे पडून होता. तेवढ्यात नियम बदलले असते तर त्या दोघांना काय तोंड दाखवलं असतं, हा विचार आजही मला सोडत नाही. सुदैवाने ती वेळेत गेली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक जबाबात माणसाच्या आईचं गाव विचारत आलो. फॉर्मवर तसा रकाना नव्हता. मी समासात लिहायचो.

दोन वर्षांपूर्वी पाळीला एका लग्नात म्हातारा भेटला. इथलं नागरिकत्व जाईल म्हणून त्याने स्वतःचा पासपोर्ट काढला नव्हता. मला बाजूला घेऊन त्याने मोबाइल काढला.

"नात झाली, साहेब. थयच. हय येवक जमला नाय." थोडं थांबून म्हणाला, "बायकोन बाळंतिणीच्या पाण्याक न्हाणीतला तांब्याचा भाण चिंच लावून घासून ठेवलेला. तसाच असा."

त्याच्या जन्माने जी वाट उघडली, तिनेच त्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण दूर नेलं होतं. मग त्याने नातीच्या जन्मदाखल्याचा फोटो उघडून मोबाइल माझ्या हातात दिला.

"इंग्लिश असा. आवयचा खय लिवलाहा, ता वाचा."

आईच्या जन्मस्थळासाठी त्या दाखल्यावर वेगळा रकाना होता. मी चष्मा लावला आणि वाचलं, पाळी, गोवा. म्हाताऱ्याने ते मला आणखी एकदा वाचायला लावलं.