आठाने गुणायला सांगणारा फोन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. डोंबिवलीत, शिक्षक आईवडिलांच्या घरात वाढले. आमच्याकडे अमावस्येला नखं कापतानाही कुणी कुणाला अडवलं नाही. तरी हे लिहितेय, कारण आता रिटायर झालेय आणि कुणाचे तरी आभार मानायचे राहून गेलेत... कोणाचे, ते मात्र माहीत नाही.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. कोलशेतला एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात होते. पहिल्या मजल्यावरची खोली, दोन टेबलं, एक माझं आणि एक देसाईंचं. खिडकीतून खाडी दिसायची. कंपनीचं दुसरं युनिट विठ्ठलवाडीला होतं आणि दोन्हींमध्ये सेकंदाला चौसष्ट हजार बिट वाहणारी भाड्याची लाइन. ऑफिसच्या फाइल्स तिच्यावरूनच यायच्या आणि विठ्ठलवाडीच्या टाक्यांचं तापमानही तिच्यावरूनच दर मिनिटाला आमच्या स्क्रीनवर यायचं. आकडा वाढला की आम्ही फोन करून त्यांना सांगायचं, अशी पद्धत.

त्या आठवड्यात लाइनवर किती ट्रॅफिक आहे ते दाखवणारं नवीन सॉफ्टवेअर आलेलं. सकाळी विठ्ठलवाडीच्या ऑफिसने विचारलं, "मॅडम, स्टॉकच्या सगळ्या फाइल्स पाठवू का?" मी पाहिलं तर सेकंदाला जेमतेम हजारभर. चौसष्ट हजारांच्या लाइनवर हजार म्हणजे काय... मी म्हटलं, "पाठवा, लाइन रिकामीच आहे."

दुपारी तीनच्या सुमारास आकडा सात हजार आठशेवर गेलेला. तरी माझ्या हिशोबाने बारा टक्केच. टाकीचं तापमान एकेचाळीस. सगळं शांत.

आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी फाइल चाळत होते, लगेच उचलला नाही. देसाई वैतागून म्हणाले, "अहो, घ्या ना तो!"

घेतला. बाईचा आवाज, वयस्कर, खाडीकाठच्या गावातल्या बायका बोलतात तसा. "आठानी गुन गो बाय," एवढंच. घाईत नाही, रागात नाही. लेकराला समजवावं तसं. मी "कोण बोलतंय?" विचारलं, तोवर पलीकडे काहीच नव्हतं.

राँग नंबर, असं म्हणून मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. पण डोक्यातून जाईना. आठ... आणि मग मी त्या सात हजार आठशेच्या वरचं अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं. मोठा B. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा b असायचा, म्हणजे बिट. मोठा B म्हणजे बाइट. आणि एका बाइटमध्ये आठ बिट, हे तर मी स्वतः नव्या मुलांना शिकवायचे! आठाने गुणलं. बासष्ट हजार चारशे.

लाइन रिकामी नव्हती, तुडुंब भरलेली होती. मग तापमानाचे आकडे येत कुठून होते? येतच नव्हते. ते एकेचाळीस कधीचं होतं कोण जाणे.

मी रिसीव्हर उचलला, तर फोन मेलेला. देसाईंच्या टेबलावरून विठ्ठलवाडीला लावला. शिफ्टला सुर्वे होते, टिटवाळ्याचे, शांत माणूस.

"सुर्वे, टाकीवरचा गेज डोळ्यांनी बघून या. आत्ता, पळत!"

दोनच मिनिटं लागली असतील. धापा टाकत आले. "मॅडम, एकोणसत्तर! वर चढतंय अजून... टाकीला लागून शिडीवर दोन वेल्डर काम करतायत!"

"त्यांना आधी खाली घ्या!"

त्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं, गार पाणी सोडलं. दहाएक मिनिटांनी पाइपचा जोड उडाला आणि उकळता माल नेमका शिडीवर पडला. शिडीवर तेव्हा कुणी नव्हतं.

मी साहेबांना सांगून टाकलं की चूक माझी होती, बाइटला बिट समजले. ते म्हणाले, "पकडलीतही तुम्हीच." दुसऱ्याच दिवसापासून तापमानासाठी वेगळी लाइन मागवली.

फोनचं मी तेव्हा कुणाला बोलले नाही. संध्याकाळी बंद फोनची तक्रार करायला ऑपरेटरकडे गेले, तर ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला सांगितलं नाही? जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिकने तुमची वायर काढलीये. उद्या नवीन टाकणार." मी वर येऊन टेबलाखाली वाकून पाहिलं. वायरचं टोक फरशीवर पडलेलं, भिंतीपासून हातभर लांब. देसाईंनी पण पाहिलं. रिंग त्यांनी ऐकलेली होती. ते खुर्चीवर बसून पाणी प्यायले.

घरी मिस्टर म्हणाले, "तुझंच मन ते. शिकलेलं आतून वर आलं." असेलही. पण मग देसाईंना काय ऐकू आलं?

गेटपाशी मासे विकायला बसणाऱ्या एका मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मासळीवर पाणी मारत म्हणाल्या, "मानसा वाचली ना गो? मंग इचारतंस कशाला?"

आठवड्याने सुर्वे त्या दोन वेल्डरना घेऊन आले, गणपतीचा प्रसाद घेऊन. त्यातला थोरला माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरून उभं केलं. "माझ्या नका पडू हो," एवढंच जमलं मला.

त्या दिवशी सुटल्यावर मी घरी न जाता खाडीवर गेले. देवळातही हात न जोडणारी मी, तिथे चिखलाच्या कडेला हात जोडून उभी राहिले. समोर कुणीच नव्हतं. भरती येत होती. कोण होती ती, मला आजही सांगता येत नाही.