वाढत्या अंगाची दुमड

माझ्या मामांनी आयुष्यात एकही कपडा कुणाच्या मापाचा शिवला नाही. गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओच्या कपडेपटात ते शिंपी होते. समोरचा माणूस आहे त्याहून मोठा होणार यावर त्यांची एवढी श्रद्धा, की चाळिशी उलटलेल्या खलनायकाच्या विजारीलाही ते खाली वीतभर कापड दुमडून ठेवत. "वाढता आंग आसा," हे त्यांचं ठरलेलं मालवणी उत्तर. खलनायक वाढला, पण फक्त पोटाकडे.

अशा माणसाला मी भाची मिळाले. लहानपणीच मला मधुमेह निघाला. रोज इन्सुलिनची सुई, आणि वर्गाच्या रांगेत मी कायम पहिली, म्हणजे सगळ्यांत बुटकी. ही वाढणार की नाही, ही धास्ती घरात कुणी बोलून दाखवत नसे. मामा मात्र दिंडोशीला आमच्याकडे गळ्यात टेप घालूनच येत आणि माझ्या शाळेच्या फ्रॉकला एवढी दुमड घालत, की बसलं की गुडघ्यांवर गोधडी घेतल्यासारखं वाटे.

तेरा-चौदाची झाले आणि सकाळची साखर उगाचच चढू लागली. आईला वाटे, मी चोरून गोड खाते. मी रडून घर डोक्यावर घेई. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओरडू नका हिला. वाढीच्या वयात झोपेत शरीर वाढीचं हार्मोन सोडतं, त्यानंही सकाळी साखर चढते."

सोबत आलेल्या मामांनी एवढंच ऐकलं, पुढचं काही ऐकलंच नाही. त्या दिवसापासून साखर चढली की मामा खूश. "रातीत चेडू वाढला गो!" म्हणजे रात्रीत पोरगी वाढली, असं आईला सांगत मशीनवर बसायचे आणि दुमडीची एक घडी उसवायचे. या आनंदात ते एक दिवस पेढे घेऊन येतील, अशी आईला भीती वाटे. दिवाळीपर्यंत फ्रॉक घोट्यांवर आला. प्रार्थनेला जाताना त्यात पाय अडकून मी आडवी झाले, तेव्हा बाईंनी विचारलं, "कुणाचा घालून आलीस गं?"

पुढच्या खेपेला मामांनी तो फ्रॉक डॉक्टरीणबाईंना अभिमानानं दाखवला. त्या आधी हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "मामा, हार्मोन भरपूर सुटतंय हो. पण इन्सुलिन कमी पडलं तर उंचीला त्याचा उपयोग होत नाही, साखर तेवढी चढते. आपण डोस वाढवू या." मामा टेप गुंडाळू लागले. घरी आल्यावर त्यांनी फ्रॉक वर घेतला. कापड मात्र कापलं नाही. "माका वाटला, चेडू वाढता," एवढंच ते आईला म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला माझ्या बुटकेपणापेक्षा जास्त वाईट वाटलं.

डोस वाढला, सकाळची साखर खाली आली आणि मी सावकाश का होईना, वाढले. दहावीत मामांनी शेवटची घडी उसवली, तेव्हा आतला निळा पट्टा अगदी कोरा करकरीत निघाला. मामा त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत होते.

आता मामा वाकलेत, माझ्या खांद्याला लागतात. त्यांचे पायजमे जमिनीवर लोळतात म्हणून गेल्या रविवारी त्यांच्याच मशीनवर मी ते आखूड करायला बसले. कात्री उचलली तशी खाटेवरून हाक आली, "कापू नको गो. आत दुमडून ठेव."

मला दोरा दिसेनासा झाला. कात्री बाजूला ठेवली आणि चांगली वीतभर दुमड घातली.