आक्काच्या झोळीची स्प्रिंग

बादलीतून फसफस आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. लोखंड ॲसिडात पडलं की असंच फसफसतं.

"आक्का, बादलीत काय घातलंस?"

"झोळीची स्प्रिंग रं. लई गंजलीती. संडास धुवायचं ॲसिड वतलंय सकाळी. बघ की, कशी लखलखाय लागलीया."

निपाणीला थोरल्या बहिणीकडं मी तिच्या नातीच्या बारशाला गेलो होतो. बारसं दुसऱ्या दिवशी. तुळईच्या कडीला स्प्रिंग, स्प्रिंगला लुगड्याची झोळी आणि झोळीत बाळ, असा बेत. ही स्प्रिंग दाजींनी पहिल्या पोराच्या वेळी बाजारातून आणलेली. आता दाजी नाहीत. "त्येंच्या हातची वस्तू हाय. नात हिच्यावरच झोपंल," आक्का म्हणाली.

मी काठीनं स्प्रिंग बाहेर काढली आणि पाण्यात टाकली. माझं सगळं आयुष्य बेळगावात प्लेटिंग शॉपमध्ये गेलं. प्लेटिंग म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून त्यावर झिंकचा पातळ थर चढवायचा. जुना थर काढायला आम्हीही ॲसिडच वापरायचो. साध्या बोल्टला ते चालतं. स्प्रिंगचं पोलाद कडक असतं. ॲसिडात तयार होणारा हायड्रोजन त्यात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. स्प्रिंग वरून नवीकोरी दिसते, पण भार दिल्यावर काही तासांनी अचानक तुटते. आमचे कामगार म्हणायचे, स्प्रिंगनं गॅस खाल्ला.

त्यावर उपाय एकच, लगेच भट्टीत घालून काही तास भाजायची. एकदा कारखान्याचा ओव्हन बंद पडला आणि साहेब म्हणाले, "डिस्पॅच आजच पाहिजे." मी स्प्रिंगांचा क्रेट घेऊन कॅम्पातली बेकरी गाठली. पाव निघाल्यावर बेकरीवाल्यानं आमचा माल आत ढकलला. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर माल तपासायचा सोडून स्प्रिंगांना येणारा पावाचा वास घेत बसला. सगळं शॉप हसत होतं. आता त्यातले निम्मे कुठं आहेत तेही ठाऊक नाही. फार आठवण येते त्यांची.

"कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणतो," मी म्हटलं.

"तितं अंड्याचे केक भाजत्यात. ती वस्तू पोरीच्या डोक्यावर? जैनाच्या घरात न्हाय चालायचं."

"लोखंड हाय गं ते."

"आसंल."

आक्कानं वाळूची कढई काढली. तिच्या नानकटाया त्यातच होतात. स्प्रिंग गरम वाळूत पुरली. तापमान कळायला वर ताटलीत एक नानकटाई ठेवली. ती सावकाश तांबूस व्हायला हवी, करपली तर आच कमी करायची. असा थर्मामीटर मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत आम्ही बहीणभाऊ चुलीपाशी बसलो, थर्मामीटर खात, दाजींच्या गप्पा मारत.

"आता बांधू झोळी?"

"आधी ज्वारीचं पोतं टांगू. रातभर ऱ्हाऊ दे."

सकाळी बायका फुलं बांधत होत्या आणि माजघरात खाडकन आवाज झाला. पोतं जमिनीवर, ज्वारी घरभर. स्प्रिंग हुकाच्या वळणावर तुटली होती. गंजानं आधीच पोखरलेली, त्यात ॲसिडात फार वेळ राहिलेली. भाजायला उशीर झाला होता. बाळ शेजारच्या खोलीत आईच्या मांडीवर होतं.

आक्का दोन्ही तुकडे हातात घेऊन खाली बसली. "त्येंची एवढीच वस्तू ऱ्हायलीती रं," म्हणाली आणि रडली.

मग उठून तिनं झोळी साध्या सुती दोरावर बांधली. दोर आपणहून हलत नाही, कुणाला तरी ओढत बसावं लागतं. बारसं पार पडेस्तोवर आक्कानं ती ओढदोरी कुणाच्याही हातात दिली नाही.

स्प्रिंगचा गंज सँडपेपरनं घासून काढावा. वेळ लागतो, लागू द्यावा. ॲसिडात बुडवलीच, तर आधी पोतं झोपवून बघावं.