सर्व्हरचं दार आणि बडे बाबू

पवनीतल्या विणकरांच्या एका संस्थेत मी सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही, कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाळीच्या कपाटात ठेवलेली दोन यंत्रं. पण लुगड्यांच्या ऑर्डरी त्यांच्यावरच येतात आणि तुमसर-भंडाऱ्याच्या आमच्या दुकानांतले कॉम्प्युटरही त्यांनाच जोडलेले आहेत. ती बंद पडली की सगळ्यांना माझी आठवण येते.

मी नोकरीला लागले तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड म्हणजे संस्थेचंच नाव होतं, आणि तेही मॉनिटरवर चिठ्ठी लावून लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात मी चिठ्ठी फाडली आणि पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड पाकिटात घालून, वर सही करून, बडे बाबूंच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिला. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. मग सगळ्यांना बसवून तासभर समजावलं, की फोनवर कुणीही पासवर्ड मागितला तरी द्यायचा नाही, साहेबांचं नाव सांगितलं तरी नाही. हल्ली नंबरही खोटा दाखवता येतो, आवाजाचीही नक्कल होते. बाकीचे मोबाइल बघत होते. बडे बाबू तेवढे वहीत लिहून घेत होते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, नाटक आणि घरोघर पाहुणे. त्या वर्षी मी सुट्टी टाकून आसगावला मावशीकडे गेले होते. सकाळी अंगणात बाजेवर बसून सहज लॅपटॉप उघडला, तर सर्व्हरच्या नोंदींत कुणीतरी परक्या देशातून सारखं दार ठोठावताना दिसलं. दर सेकंदाला नवं नाव, नवा पासवर्ड. आत कुणी आलं नव्हतं, येणारही नव्हतं. तरी मला राहवेना. म्हटलं, फायरवॉल आणखी घट्ट करू, दोन मिनिटांचं काम. नियम लिहिला, चालू केला, आणि माझाच स्क्रीन थिजला.

बाहेरच्यांना बंदी घालताना आत यायला स्वतःसाठी वाट ठेवायची असते. ती ठेवायची मी विसरले होते. आता परक्यांबरोबर मीही बाहेर, आणि दोन्ही दुकानंही बाहेर.

माझ्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलं होतं, त्यात मोबाइलची बॅटरी संपलेली. मावसभावाचा फोन घेतला आणि कार्यालयात लावला.

"बाबूजी, मी बोलून राहिली. कपाटातलं ते पाकीट फोडा अन् मागच्या खोलीत जा. सर्व्हरच्या कीबोर्डवर काय टाइप कराचं ते मी सांगते."

बडे बाबू म्हणाले, "कोण बोलता?"

"मीच, बाबूजी! आवाज नाही ओळखला काय?"

"आवाज त म्याडमचाच हाये. पण नंबर म्याडमचा नोहे. अन् पाकीट फोडाले सांगून राहिले." फोन कट.

पुन्हा लावला, तर उचललाच नाही. माझा मोबाइल पंधरा मिनिटं चार्जिंगला लावला आणि माझ्याच नंबरवरून केला.

"नंबरबी खोटा दाखवता येते म्हणून तुम्हीच सांगतलं होतं," बडे बाबू अगदी नम्रपणे म्हणाले.

"मग विचारा मले काहीबी, जे मलेच माहीत असन!"

त्यांनी विचार केला. "मागच्या सोमवारी डब्यात काय आणलं होतं तुम्ही?"

"वांग्याची भाजी."

"ते त अख्ख्या हाफिसनं खाल्ली. कोणीबी सांगन. आसगाव काही दूर नाही बाई, खरीच म्याडम असान तं येऊन जा."

मावशी पुऱ्या तळत होती. तिला म्हटलं, येतेच, आणि मावसभावाच्या गाडीवर मागे बसले. वाटेत सुरुवातीला राग आला होता. शेतांत कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांमधून जाताना तो कधी निघून गेला कळलं नाही. मी एकटीच हसायला लागले, तसं भावाने मागे वळून पाहिलं. "बरी हायेस ना?"

कार्यालयात पोचले तर बडे बाबू दारातच उभे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण आधी त्यांनी रजिस्टर पुढे केलं. तारीख, वेळ, कारण, सही. मग कपाट उघडून पाकीट माझ्या हातात दिलं. वरची माझी सही जशीच्या तशी होती.

मी सर्व्हरसमोर बसले, नियम काढला, आपली वाट आधी उघडली आणि मग तोच नियम पुन्हा नीट लावला. दहा मिनिटंही लागली नाहीत. दुकानांत फोन केला, तर तिथे कुणी हैराण झालेलं नव्हतं. बडे बाबूंनी केव्हाच कळवलं होतं, मशीन सुरू होईपर्यंत ऑर्डरी कागदावर लिहा.

चहा पिताना ते हळूच म्हणाले, "राग त नाही आला ना म्याडम? मनात खूप वाटलं, द्यावं सांगून. मग वाटलं, तुमीच नसान तं?"

"बाबूजी, तुम्ही दिलं असतं तं मले राग आला असता," मी म्हटलं, आणि ते मनापासून होतं.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. फायरवॉलला हात लावण्याआधी सर्व्हरलाच सांगून ठेवते, की पाच मिनिटांत माझा निरोप आला नाही तर सगळं पूर्ववत कर. बडे बाबूंनी आणि मी एक शब्दही ठरवला. अडचण आली तर फोनवर तो म्हणायचा. तो इथे लिहिणार नाही.

आसगावला परतले तेव्हा जेवणं उरकली होती, पण मावशीने माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटली. संध्याकाळी मंडईत बांगड्या भरत होते, तर शेजारची अनोळखी बाई मला निरखत म्हणाली, "तुमीच काय वो त्या, ज्यायले आपल्याच हाफिसानं आत घेतलं नाही?"

"हो, मीच," म्हटलं आणि दुसरा हात बांगडीवालीपुढे केला.