धाक आणि धसका

आमच्या आकाशदर्शन मंडळात मंगळाच्या दोन छोट्या चंद्रांना धाक आणि धसका म्हणतात. फोबोस आणि डायमोस या ग्रीक शब्दांना ही मराठी नावं मी दिली, असं वसई-विरारमध्ये सगळे मानतात. ती मी दिलेली नाहीत.

काही वर्षांपूर्वी तुळिंजच्या शाळेत मुलांसमोर बोलायचं होतं. ग्रीक युद्धदेवाची ही दोन मुलं, एक भीती, दुसरी दहशत. मी तसंच टिपून बायकोला वाचून दाखवलं. ती अर्नाळ्याच्या कोळी घरातली. बोट समुद्रात असेपर्यंत त्यांच्या घरी भीती हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. बायका दुसरे शब्द वापरत.

"जवळचा कसा फिरतो?" तिनं विचारलं.

"भराभर. एका दिवसात तीन फेऱ्या."

"आणि लांबचा?"

"एकदा उगवला की दोन दिवस मावळत नाही."

"मग जवळचा धाक. येतो नि जातो. लांबचा धसका. बोट उशिरा आली की बसतो, नि बोट लागली तरी उठत नाय."

मुलांनी नावं उचलून धरली. पुढे मंडळाच्या तक्त्यावर 'सरांनी दिलेली नावं' असं छापून आलं आणि मी सत्कार करून घेतला. ती मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवत होती. नंतर मंगळ दिसला की ती एवढंच म्हणायची, "अहो सर, तुमच्या चंद्रांना चहा ठेवू का?" मी हसायचो. पण ते लागायचं.

यंदा कार्यक्रम अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर झाला, तिच्या माहेरच्यांसमोर. अध्यक्षांनी पुन्हा नावांचं श्रेय मला दिलं. मी माईक मागून घेतला.

"ही नावं माझ्या बायकोची आहेत. इतकी वर्षं मी गप्प राहिलो."

मग वाळत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेली तिची चुलती म्हणाली, "तरी म्हटलं, मास्तरला धसका काय ठावा!"

सगळा किनारा हसला. बायको पदर खोचून दुर्बिणीपाशी गेली आणि बोटीची वाट पाहणाऱ्या बायकांबद्दल बोलू लागली. आमच्या दुर्बिणीत ते चंद्र दिसतच नाहीत, नुसता तांबडा ठिपका. तरी रांग हलेना. माझ्या कुठल्याच भाषणाला इतकी माणसं थांबली नव्हती. मी रांगेत शेवटी उभा राहिलो, ताठ मानेनं.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, "गुरूला किती चंद्र आहेत म्हणालात?"

"पुष्कळ."

"मग आधी चहा तुम्ही करा. नावांचं मी बघते."