राखेने घासलेलं नाणं

नवरोजच्या आदल्या दिवशी ओयसाराने घरातली पितळी भांडी राखेने घासली आणि त्यांच्याबरोबर नवऱ्याचं तांब्याचं जुनं नाणंही लख्ख केलं. तिरमिझ शहराजवळच्या शेतात सापडलेलं ते झिजलेलं नाणं कोणाचं, हे निवृत्त मेकॅनिक तुर्दीअली तीन वर्षं शोधत होता.

"अगं, उरलंसुरलं चित्र त्या हिरव्या थरातच होतं!"

"ओरडू नका. घासताना बोटाला उंचवटा लागला. बैलाचं वशिंड असावं."

"भिंगाला दिसलं नाही ते?"

"तुमच्या भिंगाने कधी कणीक मळलीय?"

तुर्दीअलीने डोळे मिटून अंगठा फिरवला. वशिंडच होतं. म्हणजे नाण्यांवर वशिंडाचा बैल उमटवणाऱ्या कुषाण राजांचं नाणं. त्याने नाणं ठेवायच्या कागदी पाकिटावर तसं लिहिलं.

"ओळखलं कोणी, तेही लिहा."

त्याने लिहिलं, पण बारीक अक्षरात.