मास्तर डोळे तपासायला जातात

मास्तरांचा निम्मा जन्म गाडी शिकवण्यात गेला आणि निम्मा शिकणाऱ्यांवर खेकसण्यात. "आरशात बघ! डोळे काय खिशात ठेवलेत?" हे सगळ्या शिकाऊ मंडळींना पाठ होतं. पण अलीकडे मास्तर स्वतःच डाव्या बाजूला धडकू लागले होते. आधी दाराची चौकट, मग शेजाऱ्याची सायकल, आणि परवा तर चक्क एक उभी गाडी घासली. दोष अर्थात चौकटीचा, शेजाऱ्याचा आणि गाडीवाल्याचा.

"अहो, डोळे दाखवून या," बायको म्हणाली.

"मला लांबची पाटी लख्ख दिसते!"

"पाटी दिसते हो, शेजारी उभी असलेली मी दिसत नाही. काल हातातलं ताट उडवलंत." शेवटी तिनेच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

तिथल्या तपासनीस मुलीने प्रश्नांची सरबत्तीच लावली. साखर आहे? रक्तदाब? घरात कुणाला काचबिंदू?

"डोळे तपासताय की खानदान?" मास्तर भडकले.

"सासऱ्यांना शेवटी दिसेनासं झालं होतं," बायकोने परस्पर सांगून टाकलं.

तक्त्यावरची शेवटची ओळ मास्तरांनी घडाघडा वाचली आणि बायकोकडे विजयी नजर टाकली. मग भिंगांची अदलाबदल सुरू झाली.

"हे स्पष्ट, काका, की हे?"

"सारखंच."

"आणि आता?"

"अगं बाई, सारखंच म्हटलं ना!"

डोळ्याचा दाब मोजायला यंत्राने फस्सकन हवा सोडली, तसे ते खुर्चीतून उडालेच. "आधी सांगायची पद्धत नाही का?"

"सांगितलं होतं, काका."

पुढे एक डोळा झाकून त्यांना मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, बाजूला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मास्तर बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिले.

"दिवेच लागत नाहीत. तुमचं मशीन बंद पडलंय."

"चालू आहे, काका," मुलगी हळूच म्हणाली.

मास्तरांनी बटणावरचं बोट हळूच काढून घेतलं.

बाहुल्या मोठ्या करायला थेंब घातले, ताटकळत बसवलं, मग डॉक्टरबाईंनी प्रखर उजेडात डोळ्यांचे पडदे पाहिले. "काचबिंदूच आहे. यात समोरचं बराच काळ छान दिसतं, म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवता येईल."

"आणि गाडी?"

"सध्या नाही."

बाहेरच्या उन्हाने दिपलेले मास्तर बायकोचा दंड धरून चालू लागले. "आधी यायला मला काय धाड भरली होती!" ते स्वतःवरच चरफडले. बायकोने 'मी सांगत होते' म्हटलं नाही. त्याने तर ते जास्तच चिडले.

आता गाडी पुतणी शिकवते आणि मास्तर खोलीत बसून नियम शिकवतात. रोज झोपण्याआधी मान मागे टाकून औषधाचे थेंब घालून घेतात. बायकोचा नेम हमखास चुकतो.

"अगं, डोळ्यात घाल! काचबिंदू काय गालाला झालाय?"